नवरदेवाच्या सोफ्यातला फोम

समोर येईल ती वस्तू अंगठ्यानं दाबून बघायची, ही चाचांची सवय होती. गादी, खुर्ची, पाव, आमच्या सायकलींची टायरं, काही सुटायचं नाही. दाबायचे, बोट काढायचे आणि मान तिरकी करून वाट बघायचे. खळगा भरून आला की म्हणायचे, "उठून राह्यलं बराबर." नाही आला तर काहीच बोलायचे नाहीत, नुसतं तोंड वळवायचे. मी एकदा घरून नेलेली इडली त्यांनी अशीच दाबली आणि तोंड वळवलं. त्यानंतर मी इडलीच्या वाटेला गेले नाही.

जाफराबादेत आमच्या शाळेच्या वाटेवर त्यांचं गाद्या-सोफ्यांचं दुकान होतं. आम्ही काही शिक्षिका रविवारी सायकली घेऊन माळावर जायचो. बाकीच्या आम्ही गुडघ्यांसाठी. आमची क्रीडाशिक्षिका अर्चना मात्र खरी सायकलपटू. परतताना दुकानासमोर चहा व्हायचा. चहा चाचांचाच, त्यावर वाद चालायचा नाही.

अर्चनाला डोंगरातल्या एका स्पर्धेत उतरायचं होतं. आपल्याकडचे उतार तुम्हाला ठाऊकच आहेत, दगड आणि सराट्याचे काटे. चाकानं दगडावर पकड धरावी म्हणून टायरात हवा कमी ठेवतात, आणि हवा कमी असली की रिम दगडावर आपटते. त्यासाठी ट्यूब नसलेल्या टायरच्या आत फोमचं कडं घालायची पद्धत निघाली आहे. सोबत थोडं पांढरं लिक्विड असतं. काटा घुसला की ते भोकात जमतं आणि हवा थांबवतं. असं कडं बाहेरून मागवलं असतं तर स्पर्धा होऊन गेल्यावर आलं असतं. अर्चनानं मोबाइलवरचं चित्र चाचांना दाखवलं. त्यांनी मोबाइलची काचही दाबली, आणि चित्र गायब झालं. पुन्हा दाखवल्यावर म्हणाले, "हे तर माझंच काम हाय. बिलकुल फिकर करू नका मॅडम, जिम्मेदारी माझी."

त्यांनी दुकानातला सगळ्यात उंची फोम काढला. एका नवरदेवाच्या सोफ्यासाठी आणलेला, लोण्यासारखा मऊ. सोफा लांबला म्हणून नवरदेवाच्या बापाची बोलणी खाल्ली, पण कडी मन लावून कापली आणि टायरात स्वतः बसवून दिली. सरावाला सायकल मस्त चालली. दगडावरून जाताना आवाजसुद्धा येत नाही, असं अर्चना सांगायची तेव्हा चाचा कौतुक दुसऱ्याच कुणाचं चाललंय असा चेहरा करून रस्त्याकडे बघायचे.

स्पर्धेला ते आमच्याबरोबर जीपनं आले, इस्त्रीचा कुर्ता घालून. अर्ध्या उतारावर पुढच्या चाकात सराटा घुसला. हवा गेली, टायर रिमवरून निसटलं आणि अर्चना दगडांत पडली. मनगट मोडलं. तिला दवाखान्यात नेल्यावर चाचांनी खाली बसून ते टायर उघडलं. फोम ओलाचिंब झाला होता. काट्यासाठी ठेवलेलं सगळं लिक्विड त्यानं पिऊन टाकलं होतं. खरं तर टीव्हीच्या खोक्यात येतो तसला कडक, पाणी न पिणारा फोम हवा होता. तसला फोम चाचा फेकून द्यायचे, कारण त्यावर कुणाला झोप लागत नाही. माणसानं जीव ओतून आपल्याकडचं सगळ्यात चांगलं द्यावं आणि तेच चुकावं, याचा मला आजही राग येतो. चाचांनी फोम पिळला. पांढरं पाणी कोपरापर्यंत ओघळलं, ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही.

दोष कुणीच दिला नाही. सायकल म्हटली की पडणं आलंच, असं अर्चना स्वतः म्हणाली. पण चाचाच सांगत सुटले. गिऱ्हाईक, भाजीवाली, स्टँडवरची अनोळखी माणसं, प्रत्येकाला म्हणायचे, "त्या मॅडमचा हात माझ्या फोमनं मोडला." गावाला मुळात हे माहीत नव्हतं, ते चाचांनी माहीत करून दिलं. उशी घ्यायला आलेल्या म्हातारीलाही ते विचारू लागले, पाण्यात तर न्हाई ना वापरणार? आम्ही हसलो आणि लगेच ओशाळलो.

चाचा अर्चनाला बघायला आले, ते फाटकापर्यंतच. मोसंब्यांची पिशवी भिंतीवर ठेवून वळले. तिनं हाक मारली, आत बोलावलं.

"कोणत्या तोंडानं येऊ?" एवढंच बोलले आणि गेले.

मग या शरमेची सगळ्यांनाच लागण झाली. तिचा प्लास्टरमधला हात दिसला की चाचा गाद्यांच्या आड जायचे. ते तसे जातात म्हणून अर्चना दुकान आलं की हात ओढणीखाली घ्यायची. आपल्यापायी एक म्हातारा माणूस लपून बसतो, याची तिला लाज वाटायची. आमचा चहाही बंद झाला, कारण आम्ही गेलो की चाचा उभेच राहायचे, काही केल्या बसायचे नाहीत. पुढं प्लास्टर निघालं, अर्चना पुन्हा सायकलवर बसली. तेव्हा आमचं सगळ्यांचं ठरलं की त्यांना उगाच रोज आठवण नको, आपण मागच्या रस्त्यानं जाऊ. त्यात आम्हाला समजूतदारपणा वाटला होता.

थंडीत चाचा गेले. छातीत कळ आली आणि संपलंच. आम्ही घरी गेलो तेव्हा चाची आतल्या खोलीत बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी अर्चनाला ओळखलं, जवळ बसवलं आणि तिचा हात हातात घेतला. मनगट हळूच वर केलं, खाली केलं, बोटं उघडून पाहिली.

"बराबर चालून राह्यला की हात," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "पण सायकल सुटली ना बेटा? हे म्हणायचे, पोरीचा हात कामातून गेला. आधी लपवत व्हती, आता सायकलवर दिसतच न्हाई. शेवटपर्यंत हेच बोलत राह्यले."

अर्चनानं मान खाली घातली. त्या दिवशी सकाळीसुद्धा ती सायकल चालवून आली होती. रोजच चालवत होती, मागच्या रस्त्यानं.