राजीची बाबागाडी

बारामतीत इंदापूर रस्त्याला माझ्या मामाचं सायकलचं दुकान आहे. दुकान सायकलचं असलं तरी आत शिरल्यावर आधी दिसतात त्या बाबागाड्या. एखादी वेताची, एखादी पत्र्याची, एखादीचं नुसतंच चाकांवर उभं राहिलेलं हाडूक. समोरचा चहावाला रोज सकाळी विचारतो, "काय सोमनाथराव, पेशंटनं डोळं उघडलं का?" आणि मामा मान वर न करता म्हणतो, "उघडलं. तुझा च्या बघून परत मिटलं."

हे वेड त्याला इंदापूर तालुक्यात लागलं. सतराव्या वर्षी तो तिथल्या एका कारखान्याच्या कॉलनीबाहेर सायकल दुरुस्तीला होता. बंगल्यातले जुने साहेब निवृत्त होऊन गेले की त्यांच्या घरातली अडगळ भंगारात यायची. त्यात एकदा एक बाबागाडी आली. पाळण्यासारखं लाकडी खोकं, चार चामडी पट्ट्यांनी वाकवलेल्या पोलादी पाट्यांवर टांगलेलं. बोटानं ढकललं तरी खोकं डुलत राहायचं. मामानं ती खोलली, पुसली, परत जोडली आणि त्याला तिचं सगळं कळलं, असं तो सांगतो.

मी मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आट्यांचे प्रकार पुस्तकातून शिकले. मामा नखानं शिकला होता. नटाच्या आट्यावरून नख फिरवून तो म्हणायचा, "इंची हाय. मिलिमीटर यायच्या आधीची गाडी." रंगाचं वय काढायची त्याची रीत तर मी नंतर कामावरही वापरली. एका कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागी पॉलिश पेपर गोल गोल फिरवायचा. मग खालचे थर एकाभोवती एक कड्यांसारखे दिसतात. पांढरा, आकाशी, अस्तर, मग मूळचा. टायरची झीज, चाकाच्या बुशमधला खेळ म्हणजे सैलपणा, पाट्यांची बसकण, दांडा कुठल्या हाताला जास्त गुळगुळीत झालाय, हे सगळं तो वहीत लिहायचा. मग मालक आला की त्याची गाडी त्यालाच वाचून दाखवायची, हा त्याचा खरा आनंद. "तुमची आई डावखुरी होती का हो?" असं तो विचारायचा आणि समोरचा माणूस तोंडाचा आ करून बसायचा.

करुणामामी म्हणायची, "माझं गुडघं वाजत्यात. आवाज ऐकून सांगा की किती साल चाललंय मशीन."

"तुझं आटं इंची हायत. पार्ट मिळत न्हायती."

गेल्या वर्षी होळीनंतर वडगाव निंबाळकरचा राजवर्धन नावाचा एक तरुण टेम्पोत घालून गाडी घेऊन आला. घरची ऊसशेती, गोठा. त्याला मुलगी झाली होती. तिसऱ्या महिन्यात मोठं बारसं करायचं होतं आणि बाळाला जुन्या घरच्या गाडीतून मांडवात आणायचं ठरलं होतं. ही कल्पना त्याच्या आजीची, लीलाबाईंची. गोठ्याच्या माळ्यावर गाडी आहे हे तिलाच ठाऊक होतं. "पप्पांची गाडी आहे," राजवर्धन म्हणाला. पप्पा म्हणजे लीलाबाईंचे चिरंजीव मोहनराव.

गाडीत कोंबड्यांनी अंडी घातलेली होती. झाकणाच्या रेक्झिनचा भुगा झालेला. पण मामानं चाक फिरवून पाहिलं आणि मला फोन केला. "साधी गाडी न्हाय ही. येऊन बघ."

दीड महिना तो तिच्या मागे होता. पुण्याहून मीटरवर भरीव रबर आणलं, आत तार घालून टायर वळवले. चामडी पट्टे मोरगावच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून कापून घेतले. बॉडीवरचे खड्डे लांबी भरून बुजवले, रंगाखालचं अस्तर मारलं. मग रंग ठरवायला म्हणून घरच्यांना बोलावलं.

त्या दिवशी मीही दुकानात होते. राजवर्धन, त्याची बायको राजनंदिनी, तिच्या मांडीवर बाळ, आणि लीलाबाई. पंचाहत्तरीच्या पुढची बाई, काठापदराचं नऊवारी, अंगानं काटक. आल्या आल्या ती गाडीपाशी गेली आणि दांड्यावर हात ठेवून उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

मामानं वही उघडली. त्याचा चेहरा फुलला होता.

"बघा, ही गाडी लई कमी चाललीय. टायर जुनं होऊन फुटलं हुतं, झिजून न्हाय. बुशात खेळ न्हाय. पाटं तर जवळपास कोरं. माझ्या हिशेबानं नऊ-धा महिनं वापरली आसंल, त्येच्यापुढं न्हाय. मोहनराव लवकर चालाय लागलं आसणार."

राजवर्धन हसला. "पप्पा अजून सकाळी सहा किलोमीटर चालतात."

"आणि ही गंमत बघा," म्हणून मामानं बसायची फळी उलटी केली. खाली मुंबईच्या दुकानदाराचा पुसट शिक्का होता आणि त्याखाली शिसपेन्सिलीनं तारीख. मामानं ती भिंगानं वाचून वहीत उतरवली होती. "नोव्हेंबर सदुसष्ट. नवी कोरी आणलेली."

राजनंदिनी बाळाला थोपटत होती. तिचा हात थांबला. "पण पप्पा तर सत्तरचे ना?"

मामाला अजून कळलं नव्हतं. तो उत्साहानं म्हणाला, "मग आधी कुणीतरी बसलंय हिच्यात. नऊ-धा महिनं त्येच्यातच संपलं. सत्तरनंतर तर ही हाललेलीच न्हाय."

"राजी," लीलाबाई म्हणाली.

राजवर्धननं आजीकडं पाहिलं.

"राजलक्ष्मी. माझी पयली." ती गाडीकडंच बघत होती. "धा महिन्याची हुती."

घरात एक मुलगी लहानपणीच गेली, एवढं राजवर्धनला उडत उडत ठाऊक होतं. ती याच गाडीतली, हे कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या भागात नव्या बाळाला पहिलं झबलं दुसऱ्याच्या धडधाकट पोराचं, वापरलेलं घालतात, त्याच्यासारखं निभावून जावं म्हणून. आणि जे मूल गेलं त्याची चिंधीसुद्धा दुसऱ्याच्या अंगाला लावत नाहीत. लीलाबाईला हे कोणी सांगायची गरज नव्हती. म्हणूनच ती इतकी वर्षं गप्प होती. आणि आता एकदाच, मरायच्या आधी, त्या गाडीत एक जितं बाळ बसलेलं तिला बघायचं होतं. त्यासाठी तिनं घरच्यांना 'मोहनची गाडी' असं सांगितलं होतं.

राजनंदिनी काही वाईट बोलली नाही. तिनं फक्त बाळाला पदराआड घेतलं आणि बाहेर त्यांच्या मोटारीत जाऊन बसली. राजवर्धन म्हणाला, "मिस्त्री, राहू द्या. बारशाला आपण नवीन घेऊ. ही तुमच्याकडंच असू दे." त्यानं आजीला हाताला धरून नेलं. जाताना लीलाबाईनं मामाकडं पाहिलं. रागानं नाही. पण त्यानंतर मामानं आपणहून कोणाला त्याची गाडी वाचून दाखवलेली मी ऐकली नाही.

वैशाखात, भर उन्हाची, लीलाबाई एकटी एसटीनं आली. मामा एका सायकलचं चाक सरळ करत होता, मी शेजारी बसले होते. तो धडपडून उठला.

"काकी, माझं चुकलं. मला कळाय पायजे हुतं."

"बसा हो मिस्त्री. पाणी द्या आधी." पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "त्या दिशी वहीत बघून बोलत हुतासा. अजून काय कळतंय का त्यात?"

मामानं वही काढली, पण उघडली नाही.

"काकी, उजव्या अंगाच्या लाकडी काठावर खुणा हुत्या. मला आधी वाटलं, उंदरानं कुरतडलंय. मग नीट बघितलं तर दाताच्या हुत्या. ल्हान पोराच्या."

"कुठं?"

"हितं. पण मी बुजवल्या, काकी. लांबी भरली त्येच्यात. माप तेवढं घिऊन ठिवलं वहीत." त्यानं बोटानं जागा दाखवली. "खाली दोन. वर एक."

लीलाबाईनं काठावरून बोट फिरवलं. अस्तर मारलेला गुळगुळीत काठ. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "वरचा आल्याला मला ठावंच न्हाय."

मामाला समजेना.

"मला मुदतीचा ताप हुता. मला मागच्या खोलीत ठिवल्यालं, आणि तिला जावंकडं. लागण हुईल म्हणून दाखवायची न्हायती. वीस दिस. दारातनं रडं ऐकायची मी. मग तिलाच ताप आला. मला बाहीर काढलं तवा..." तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "म्हंजी त्या वीस दिसांत आला वरचा. ह्याच्यात बसून चावत आसंल. दात शिवशिवत्यात ना."

मामानं पटाशी घेतली. लांबी खरवडून काढायला तो खाली वाकला, पण लीलाबाईनं त्याचा हात धरला. "नगं. लाकूड जाईल. कळलं तेवढं बास."

निघताना तिनं विचारलं, "तुमची लेक बाळंतपणाला आल्या म्हणं?"

"व्हय. साक्षी. नातू झालाय, बुद्धघोष. तीन महिन्याचा."

"तुमच्यात न्हाय ना मानत हे असलं?"

"आमी न्हाय मानत," मामा ठाम म्हणाला. आणि ते खरं होतं. आमच्या घरी सगळ्यांनी मामाकडूनच ते ऐकलंय. त्यानं दुकान अमावस्येला उघडलं होतं. घरात कोणी मांजर आडवं गेलं म्हणून थांबलं तर तो बाबासाहेबांच्या फोटोकडं बोट दाखवायचा.

"मग बसवा त्येला हिच्यात. माझी म्हणून न्हाय, तुमची म्हणून. मला नुसता एक फोटू धाडा."

"बसिवतो की काकी. आठ दिसांत."

मामानं गाडी पुरी केली. मूळचा रंग गडद तांबडा निघाला होता, तोच दिला. काळं झाकण, पितळी बटणं, आत मऊ गादी. इतकं सुंदर काम मी त्याच्या हातचं पाहिलेलं नाही. साक्षी म्हणाली, "आण ना घरी बाबा." तो म्हणाला, "रंगाचा वास जाऊ दे."

वास गेला. मग तो म्हणाला ब्रेक नीट लागत नाही. मग झाकण उघडं धरणारा काटा सैल आहे म्हणाला. पाचव्या महिन्यात साक्षी बाळाला घेऊन सासरी, इंदापूरला गेली. मग सबब आयतीच मिळाली, की आता टेम्पो करून कोण नेणार. ती महिन्यातून एकदा यायचीच, पण ते तो बोलायचा नाही.

लीलाबाई गुरुवारी फोन करायची. बाजाराच्या दिवशी सून नि नातसून गावात गेल्या की घरात ती एकटी असायची. दुकानात असले की मला तिचा आवाज ऐकू यायचा, कारण मामा फोन स्पीकरवरच ठेवतो.

"बसला का वो?"

"ब्रेक राहिलाय काकी."

"ब्रेक कशाला पायजे? अंगणातच फिरवायचंय. काय घाट उतरायचाय?"

"करतो, करतो."

एका दुपारी तो जेवायला घरी गेला होता तेव्हा मी गाडी फळीवरून खाली उतरवून बघितली. ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. झाकणाचे दोन्ही काटे घट्ट होते. दहा किलोची खताची पिशवी ठेवून फिरवली, कुठं कुरकुर नाही. मामा परत आला तर मी पिशवी उचलतच होते.

"काय बघतीस?"

"काही नाही, मामा. चांगली चालते."

तो स्टुलावर बसला. हात फडक्याला पुसत राहिला. "मी मानत न्हाय गं," तो म्हणाला. "पर त्येला हिच्यात ठिवायचं म्हटलं की मला ते दात दिसत्यात. माझं मीच माप घेतलंय ना. दुसऱ्या कुणाचं पोर आसतं तर बसिवलं आसतं मी."

मी पिशवी बाजूला ठेवली आणि गाडी परत जागेवर लावली.

दिवाळीनंतर लीलाबाईचे फोन कमी झाले. शेवटचा आला तेव्हा तिनं विचारलंच नाही. पाऊस कमी झाला, विहिरीनं तळ गाठला, असलं काही बोलली. मग म्हणाली, "मिस्त्री, राहू द्या आता. तुमच्या जिवाला घोर लावला मी. मी बोलायलाच नगं हुतं."

"न्हाय काकी, रविवारी साक्षी येणार हाय. रविवारी नक्की."

त्या रविवारी साक्षी आली आणि गेली.

चैत्रात राजवर्धनचा फोन आला की आजी गेली. झोपेतच. मामा दुकान बंद करून वडगावला गेला. मातीला पोचेपर्यंत उशीर झाला म्हणून दहाव्याला पुन्हा गेला, लांब कडेला उभा राहिला. राजवर्धननं त्याला चहा दिला. गाडीचं कोणी काढलं नाही. राजवर्धनची मुलगी ओसरीवर भिंत धरून उभी राहायला शिकत होती.

परत आल्यावर त्यानं साक्षीला फोन लावला. "पोराला घिऊन ये."

"काय झालं बाबा?"

"काय न्हाय. ये."

दुसऱ्या दिवशी ती आली. मामानं गाडी दुकानाबाहेर कडुलिंबाखाली आणून ठेवली होती. करुणामामी होती, मी होते. बुद्धघोष चौदा महिन्यांचा झाला होता. महिनाभरापूर्वीच चालायला लागलेला, एका जागी ठरत नव्हता. मामानं त्याला काखेत धरून उचललं आणि हळूच आत आडवं ठेवलं.

गाडी आतून तीस इंच होती. पोराचे पाय पुढच्या फळीला लागले, गुडघे वर आले. त्यानं एकदा मामाकडं पाहिलं, काठ धरला आणि उभा राहिला. पट्ट्यांवर खोकं हेलकावलं. तो घाबरून मोठ्यानं रडायला लागला.

"बस बाळा. जरा येळ. एक फोटू," मामा म्हणत होता. त्यानं त्याचे खांदे दाबून बसवायचा प्रयत्न केला. बुद्धघोषनं अंग ताठ केलं.

"बाबा, मोठा झालाय आता तो," साक्षी म्हणाली. "काढ त्याला."

मामानं त्याला बाहेर घेतलं आणि जमिनीवर ठेवलं. रडं तिथंच थांबलं. पोर चहावाल्याच्या टपरीकडं दुडूदुडू पळालं, साक्षी त्याच्यामागं. मामा दांडा धरून उभा होता. खोकं अजून डुलत होतं. त्यानं ते हातानं थांबवलं.