सुतारीणबाईंचा डावा डोळा

फौजेतल्या आमच्या सर्जनबाईंना तोंडावर आम्ही 'मेजरबाई' म्हणायचो, पाठीमागे 'सुतारीण'. बाप खरोखरच सुतार होता आणि बाई ते कधी लपवायच्या नाहीत. उलट पाय कापायला घेतला की जखमी जवानाला सांगायच्या, "घाबरू नका, बापाकडे शिकलेय. करवत वाकडी जायची नाही." ऐकणाऱ्याचा अर्धा जीव तिथंच जायचा.

मी दारूगोळ्याचा ट्रक चालवायचो. त्या दुपारी रस्त्यावर तोफगोळा फुटला आणि शेजारच्या क्लीनरचं डोकंच उडालं. धड मात्र मांडीवर हात ठेवून तसंच बसलेलं. माझ्या उजव्या पायाच्या गुडघ्याखाली चिंध्या झाल्या होत्या. मला उचलून शाळेत आणलं, तेच आमचं इस्पितळ. वर्गातली दोन टेबलं जोडलेली, फरशी रक्तानं चिकट, फळ्याखाली बादलीत कापलेले हातपाय.

भुलीचं औषध सकाळीच संपलेलं. चौघांनी मला दाबून धरलं. करवत हाडाला लागली आणि मी माणूस उरलो नाही. एक हात सुटला, त्यात कात्री आली, ती मी सरळ बाईंच्या चेहऱ्यात खुपसली.

डाव्या डोळ्यातून रक्ताची धार लागली. बाई एवढंच म्हणाल्या, "धरा रे त्याला." गालावरून रक्त माझ्या मांडीवर ठिबकत होतं, तरी त्यांनी हाड कापलं, शिरा बांधल्या, बोटांनी चाचपत टाके घातले. मगच त्या खाली बसल्या.

अधिकाऱ्यावर, तेही लढाईत, हत्यार चालवलं तर आमच्याकडे गोळी घालायचे. चौकशीला आलेल्या कॅप्टनला बाईंनी सांगितलं, "छर्रा लागला. खिडकीतून आला." त्या खिडकीची काच आठवड्यापूर्वीच फुटली होती, पण ते कॅप्टनला कुठं ठाऊक! चौघांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही. पंधरा दिवसांत वरून हुकूम आला, बाईंनी यापुढे शस्त्रक्रिया करायची नाही. त्यापाठोपाठ पदक आलं.

शाळेच्या मैदानात समारंभ झाला. जनरलसाहेब कागद वाचत होते, "शत्रूच्या छर्ऱ्यानं डोळा निकामी होऊनही..." शत्रू म्हणे! तो शत्रू पायजम्याचा एक पाय दुमडून पहिल्या रांगेत बसला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घालू देत गोळी, म्हटलं, आणि कुबड्या घेऊन उठलो.

"साहेब, तो छर्रा नव्हता..."

"ड्रायव्हर, खाली बसा!" डोळ्यावर पट्टी बांधलेल्या बाई जनरलसाहेबांच्या शेजारून ओरडल्या. "टाके उसवतील. आता पुन्हा घालायला मी नाही."

मी बसलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या हातानं कात्री खुपसली होती, त्याच हातानं मीही वाजवल्या.