खालच्या मजल्याचं गरम पाणी

सगळं हॉस्पिटल त्यांना वाफबाई म्हणायचं. एकतीस वर्षं त्या लॉन्ड्रीत होत्या, आधी इस्त्रीवर आणि मग लॉन्ड्रीच्या प्रमुख. मी शेजारीच कपड्यांच्या स्टोअरला होते. डाग राहिलेली चादर चुकून माझ्याकडून वॉर्डात गेली, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत माझा उद्धार व्हायचा. तरी आमचं पटायचं. पाण्यात बोट बुडवून त्या पाणी किती तापलंय ते सांगायच्या, आणि यंत्राचा काटा तेवढंच दाखवायचा.

लग्न केलं नाही. हॉस्पिटलच्या आवारातल्या एका खोलीत राहिल्या. मोरी सहा जणींत एक, गरम पाणी हवं तर स्टोव्हवर तापवा आणि बादली उचलून न्या. शेवटच्या पाच-सहा वर्षांत बोटांचे सांधे धरले. डॉक्टर म्हणाले, सकाळी उठल्याबरोबर पंधरा मिनिटं हात गरम पाण्यात ठेवत जा. तेव्हापासून बाईंनी एकच ठरवलं होतं. रिटायर झाल्यावर घर घ्यायचं आणि त्यात नळ सोडला की गरम पाणी आलं पाहिजे. खोल्या लहान असोत, ऊन न येवो, पाणी मात्र गरम.

त्यांच्या थोरल्या भावाचं दुमजली घर होतं. वर तो आणि वहिनी, खाली भाडेकरू. भाडेकरू सोडून गेले तसा दादा स्वतःहून हॉस्पिटलात आला. "परक्याला कशाला देऊ? तूच घे. म्हातारपणी एकमेकांच्या हाकेवर राहू," म्हणाला. बाई त्याच रविवारी घर बघायला गेल्या. मला बरोबर नेलं. दादाने मोरीत नेऊन नळ सोडला आणि वाफेने आरसा झाकला गेला. बाईंनी पाण्याखाली दोन्ही हात धरले आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. दुसरी कुठलीही गोष्ट त्यांनी तपासली नाही. मीही गप्प बसले, भावाबहिणीच्या व्यवहारात आपण कशाला तोंड घाला.

आयुष्यभराची पुंजी त्या घरात गेली.

राहायला गेल्यावर पहिल्याच सकाळी भिंतीतून ठकठक ऐकू आली, आत कुणी अडकून पडल्यासारखी. बाईंनी नळ सोडला. दोन तांबे कढत पाणी आलं, मग कोमट, मग गार. संडासात साखळी ओढली तर तिथं धो धो पाणी आलं आणि भांड्यातून वाफ निघाली. दुपारी वर कपड्यांचं मशीन लागलं तसा खालच्या स्वयंपाकघरातल्या सिंकमधून गुळगुळ आवाज करत फेस वर आला, त्यात दादाच्या शर्टाचं एक बटण.

मला सांगताना त्या आधी हसल्याच. "माझ्या घरात गरम पाण्याचा मान फक्त संडासाला आहे," म्हणाल्या.

दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "नवीन घर आहे, अंगवळणी पडेल." आठ दिवसांनी परत सांगितलं. तेव्हा म्हणाला, "अगं, तू जन्म वाफेत काढलास. तुला कढतसुद्धा गार वाटतं."

हे बाईंना लागलं. भावाचा राग आला नाही, स्वतःचीच शंका आली. त्या मला फोन करून विचारायला लागल्या, "खरंच माझ्या हातांना कळेनासं झालं असेल का गं?" ज्या बोटांवर एकतीस वर्षं लॉन्ड्री चालली, त्याच बोटांवरचा त्यांचा विश्वास उडाला. महिनाभर त्या गार पाण्याने अंघोळ करत राहिल्या. बोटं इतकी सुजली की डब्याचं झाकण उघडायला शेजारणीला बोलवावं लागायचं.

शेवटी मीच म्हटलं, भावाला विचारू नका, प्लंबरला विचारा. गल्लीच्या तोंडाशी एका वयस्कर प्लंबरचं दुकान होतं. तो आला, चपला काढल्या आणि काही न विचारता सरळ जिन्याखालच्या कपाटाकडे गेला. बॉयलर तिथंच होता.

"तुम्हाला कसं ठाऊक?" बाईंनी विचारलं.

"तिसऱ्यांदा येतोय बाई. आधीच्या भाडेकरूंनी दोनदा बोलावलं होतं. त्यापायीच सोडून गेले ते."

मग त्याने बॅटरीच्या उजेडात सगळं दाखवलं. घर पूर्वी एकच होतं, बॉयलरही एकाच कुटुंबापुरता. मधे भिंत घालून दोन घरं केली, पण पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी वेगळ्या केल्या नाहीत. जाड पाइप आधी वर जातो, खाली येते ती करंगळीएवढी फांदी. वरच्यांची अंघोळ झाली की टाकी रिकामी. आणि संडासाची टाकी बसवणाऱ्या गवंड्याला गरम पाण्याचा तो जाड पाइप जवळ सापडला, म्हणून त्याने तोच जोडला.

"मी साहेबांना दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं," प्लंबर म्हणाला. "भिंत फोडा, दुसरी लाइन टाका, वरती वेगळा बॉयलर बसवा. ते म्हणाले, आता खालचं विकायचंच आहे. घेणारा बघून घेईल."

बाईंनी त्याला पाणी दिलं, त्याचे पैसे दिले आणि जिना चढून वर गेल्या.

वहिनी पलंगावर होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचं चालणं जवळजवळ बंद झालं होतं. दादा पेपर वाचत होता. बाई काही बोलायच्या आत वहिनीच कौतुकाने म्हणाल्या, "वन्सं, लागलं ना मन घरात? तुम्ही बघायला येणार होतात ना, त्या दिवशी ह्यांनी आम्हाला दुपारपर्यंत नळाला हात लावू दिला नाही. म्हणाले, तिला पाण्याची हौस आहे, भरपूर पाणी दिसू दे."

दादाने पेपर खाली घेतला नाही.

"तुला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"विकताना असल्या गोष्टी कोण सांगत बसतं?"

"परक्याला नसतं सांगितलंस. मी परकी होते का?"

आता त्याने पेपर घडी करून बाजूला ठेवला. "परका असता तर प्लंबर घेऊन आला असता. तू आणला नाहीस."

बाई मला म्हणाल्या, की हे वाक्य तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो समजावल्यासारखं बोलला. आपल्याला घर का दिलं, ते त्यांना त्या एका वाक्यात कळलं.

वर जाणाऱ्या पाइपचा कॉक त्यांच्याच कपाटात होता. प्लंबरने तो दाखवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाईंनी तो बंद केला. टबात गरम पाणी काढलं, पंधरा मिनिटं हात बुडवून बसल्या. वर दादाच्या पावलांचा आवाज, नळ सोडल्याचा, बंद केल्याचा, परत सोडल्याचा. मग वहिनींचा आवाज, "अहो, पाणी गार आहे, मला काकडायला होतंय." बाईंनी तो ऐकला. त्या उठल्या नाहीत. पंधरा मिनिटं पुरी झाल्यावरच उठल्या.

दादा खाली आला तेव्हा दार उघडंच होतं. त्याने कपाटाकडे हात नेला. बाई मधे उभ्या राहिल्या.

"तिला अंघोळ घालायची आहे," तो म्हणाला.

"सातपासून आठपर्यंत उघडेन. वहिनींसाठी. बाकी दिवसभर बंद. भिंत फुटेपर्यंत."

"आजारी माणसाचं पाणी तोडतेस?"

"तू भिंत फोड."

जी भिंत दोन वर्षं फुटू शकत नव्हती, ती नऊ दिवसांत फुटली. वर नवा बॉयलर बसला, लाइनी वेगळ्या झाल्या, संडासाला गार पाणी आलं. बाईंच्या मोरीत आता हवं तेव्हा, हवं तितकं कढत पाणी येतं. मी गेले तेव्हा मला नळ सोडून दाखवलाही, पण स्वतः पाण्याखाली हात धरला नाही. ठकठक बंद झाल्यामुळे भिंत फार शांत वाटते, एवढंच म्हणाल्या.

तोवर नातेवाइकांत गोष्ट पोचली होती. तिच्यात प्लंबर नव्हता, तो रविवार नव्हता, वाफेने झाकलेला आरसा नव्हता. बहिणीने अंथरुणावरच्या भावजयीचं पाणी बंद केलं, एवढंच होतं. चुलत बहिणींनी बोलणं सोडलं. बाईंनी एकालाही खुलासा केला नाही.

मी तिथं बसलेली असतानाच भाचीचा फोन आला. ती परगावी असते आणि लहानपणापासून तिचा आत्यावर जीव. पलीकडचा रडवेला आवाज मलाही ऐकू येत होता.

"आत्या, तू आईचं पाणी बंद केलं होतंस?"

मी हाताने खूण केली, सांगा सगळं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. वरच्या मजल्यावर वहिनींचा वॉकर टकटकत होता.

"हो," त्या म्हणाल्या. "केलं होतं."

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.