केसाळ निघालेली पिल्लं

चिक्लायो शहर मागे पडून तास होऊन गेला, तरी फिदेलिनाने तोंड उघडलं नव्हतं. पुढे ती, तिच्या हातातल्या दोरीला सेनिसा, आणि मागे मी, पाण्याची बाटली आणि तेलाची कुपी घेऊन. सेनिसाच्या अंगावर केस नाहीत. आमच्याकडच्या या कुत्र्यांना ते नसतातच. कातडी राखेच्या रंगाची, हात लावला तर तव्यासारखी गरम. उन्हात ती भाजून निघू नये म्हणून मध्ये मध्ये थांबून तिला तेल चोळावं लागत होतं, आणि अंगात फिदेलिनाच्या नातीचा जुना सदरा घातला होता.

कुत्र्यांच्या क्लबची गाडी आम्हाला आमच्या गावी, मोन्सेफूपर्यंत सोडणार होती. सकाळी त्याच गाडीतून आलो होतो. पण कुत्र्यांच्या प्रदर्शनात जे झालं त्यानंतर फिदेलिनाने गाडीच्या दाराला हातसुद्धा लावला नाही. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे धरलेले, आणि सरळ चालायला लागली. वाटेत एक रिक्षावाला हळू झाला आणि म्हणाला, आजी, कुत्रीची बाकीची कापडं कुठे राहिली? फिदेलिना न थांबता म्हणाली, "तुझ्या अकलेबरोबर वाळत घातलीत." तो हसत निघून गेला. ती हसली नाही.

प्रदर्शनानंतरचा तिचा तो पहिला शब्द.

फिदेलिना चापोन्यान ही गवताच्या टोप्या विणणाऱ्या बाईची मुलगी. तिच्या नातीच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता होते, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. तिच्या घरात ही कुत्री आजीच्या आजीपासून आहेत. पूर्वी त्यांच्या जातीचे कागद नव्हते, क्लब नव्हता. कुणाचे सांधे धरले की फिदेलिनाची आई एक कुत्रं देई, तो माणूस ते उबेसाठी रात्रभर पायाशी घेऊन झोपे आणि सकाळी परत आणून देई. प्रत्येक वेतात एक-दोन पिल्लं केसाळ निघत. ती अंगणात वाढत, कोंबड्यांवर भुंकत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

मग क्लब आला आणि सेन्योर आर्बुलू, जे स्वतःही हीच कुत्री वाढवतात, त्याचे अध्यक्ष झाले. आले तेव्हा फार गोड बोलले. तुमच्या कुत्र्यांना जगात मान मिळेल, परदेशातून लोक विचारत येतील म्हणाले. पिल्लं दीड महिन्याची झाली की ते स्वतः बघायला येत आणि मगच कागद देत. अर्जात केसाळ पिल्लाला जागाच नव्हती. पहिल्या खेपेला फिदेलिनाने विचारलं, याला कुठे लिहायचं? त्यांनी तिला बाजूला घेऊन समजावलं, की केसाळ निघालं याचा अर्थ रक्तात भेसळ आहे. एक दिसलं तरी सगळ्या वेताचं नाव जाईल. चांगली घरं ते आधीच आवरून ठेवतात.

आवरून ठेवतात. हाच शब्द. आमच्या भागातल्या प्रत्येक घराला तो कळला. सेन्योर आर्बुलू येणार असले की आदल्या दिवशी बायका केसाळ पिल्लं टोपलीत घालून कालव्यावर जात आणि रिकामी टोपली घेऊन परतत. मी ते पाहिलं आहे. मी दर रविवारी चर्चमधल्या बंदिवान प्रभूच्या मूर्तीच्या पायाशी मेणबत्ती लावणारी बाई, आणि मी ते पाहून मान वळवली आहे. हे लिहिताना मला स्वतःचीच चीड येते.

तीन वर्षांपूर्वी एका तरुण पशुवैद्य मुलीने फिदेलिनाला सांगितलं की हे सगळं खोटं आहे. बिनकेसाच्या कुत्रीला केसाळ पिल्लं होणारच, देवाने त्या जातीची घडणच तशी केली आहे. उलट ज्याच्या घरात ती कधीच होत नाहीत, तो काहीतरी लपवतो आहे. फिदेलिना त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. मग पुन्हा टोपली उचलली नाही.

यंदा सेनिसाला पाच पिल्लं झाली, त्यातली दोन केसाळ. सेन्योर आर्बुलू आले तेव्हा दोन्ही त्यांच्या बुटांचे बंद चावत होती. तिने सांगितलं, पाचही लिहा. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात प्रदर्शन आहे, तोपर्यंत आवरा, मग बघू. ती म्हणाली, आवरणार नाही. त्यांनी टोपी घातली आणि गेले.

त्याचं उत्तर आज मिळालं.

या कुत्र्यांना केस नसतात तसे पुरते दातही नसतात; केसाळ निघालेल्यांना मात्र असतात. दाढा बहुधा कमीच. हजारात एखाद्या कुत्रीचं तोंड भरलेलं निघतं. सेनिसाचं तसं आहे. परदेशाहून आलेल्या परीक्षकाने तिचं तोंड उघडलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. सेन्योर आर्बुलू शेजारीच होते. ते वाकून त्याच्या कानाशी काही बोलले. मग परीक्षकाने ओला रुमाल मागवला आणि सगळ्या लोकांदेखत सेनिसाच्या पाठीवरून उलटा घासला. खुंट लागतात का ते बघायला. केसाळ कुत्री भादरून आणली असा संशय. खुंट एकही लागला नाही, तरी त्याने तिला रिंगणाबाहेर काढलं. आणि सेन्योर आर्बुलूंनी ध्वनिक्षेपक हातात घेऊन सगळ्यांना विनंती केली, की कृपा करून न्हाव्याकडची कुत्री इथे आणू नयेत. मैदान हसलं.

सेनिसा दीड महिन्याची असताना तिला ओंजळीत घेऊन, ती बिनकेसाची आहे अशी सही याच माणसाने केली होती. ती सही फिदेलिनाच्या पिशवीत होती. तिने ती बाहेर काढली नाही. मी सारखी कोपराने ढोसत होते, काढ ना, दाखव ना. तिने सेनिसाच्या अंगात सदरा चढवला आणि फाटकाकडे निघाली.

कालव्याचं पाणी अडवणाऱ्या फळीदरवाजाशी आलो तेव्हा ती थांबली. सेनिसाला पाणी पाजलं, सदरा काढून तेल चोळलं. मी म्हणाले, बस जरा, गुडघे बघ कसे झालेत. ती बसली नाही.

"त्या माणसाच्या घरात तीस वर्षांत एक केसाळ पिल्लू जन्मलेलं नाही, कोमाद्रे," ती म्हणाली. "कागदावर एकही नाही. त्याला त्याचा अभिमान आहे. भिंतीवर चौकटीत लावलंय. मला विचार, ती कुठे गेली. मला माहीत आहे, कारण माझीही तिथेच गेली."

तिने पाण्याकडे बोट केलं. एकोणीस, ती म्हणाली. मोठ्या पुराच्या वर्षी चार, कारण तेव्हा पाणी घराच्या दारापर्यंत आलं होतं, फार लांब जावं लागलं नाही. एकाच्या छातीवर पांढरा ठिपका होता, ते टोपलीत झोपून गेलं होतं. पाद्रीबाबांपाशी कबुली दिली तर त्यांनी तीन प्रार्थना सांगितल्या आणि जाताना गुडघ्यांसाठी एक बिनकेसाचं पिल्लू मागून घेतलं.

मी म्हणाले, आपण क्लबच्या सगळ्या सभासदांना पत्र लिहू. मी लिहिते, माझं अक्षर चांगलं आहे. आर्बुलूंची ती सही जोडू, तो रुमाल, तो ध्वनिक्षेपक, सगळं लिहू. कालव्याचंही लिहू, पण नाव न घेता. काही घरांतून असं होतं, एवढंच. नाहीतर तुझेच कागद पहिले रद्द होतील. त्या दोन पिल्लांना कोण विचारेल मग? सेनिसाच्या पुढच्या पिल्लांना कोण घेईल? तू खाशील काय?

तिने माझ्या हातातली कुपी घेतली, झाकण घट्ट लावलं आणि परत दिली.

"काही घरं म्हटलंस की तो हसेल. कुठली घरं, असं विचारेल, आणि मग सगळी गप्प बसतील. आपण बसलो होतो तशी." तिने दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला. "सेनिसाचे दात, तो रुमाल, ते सगळं खाली लिही. वर माझं नाव लिही. फिदेलिना चापोन्यान, मोन्सेफू, एकोणीस पिल्लं, कालव्याचा हा फळीदरवाजा. वर्षं मी सांगते, तू लिहून घे. आणि क्लबच्या सभेत ते तू वाच, कोमाद्रे. मला वाचता येत नाही, आणि दुसऱ्या कुणी वाचलं तर तो मधलं गाळायला लावेल. तू गाळू नकोस."