रेडिएटरातली हळद
फोडणीत हळद पडली की मला आमच्या जुन्या गाडीचं बॉनेट आठवतं. ती गाडी मेहकरात सुरू झाली की पार तिकडं डोणगावची कुत्री दचकून उठायची. लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला नांदुऱ्याहून माहेरी आणायचं होतं. "ते डबडं इथवर येईन का?" असं म्हणून सासरचे हसले होते, म्हणून बाबांनी तिला फोनवर शब्दच दिला की गाडी घेऊनच येतो. आणि नेमका आदल्या दिवशी गाडीचा वॉटर पंप गेला. बाबांनी अंगणातच पट्टा उतरवला, जुना पंप काढून नवा बसवला, पाणी भरलं, तर सांध्यातून थेंब टपकायला लागले, एकेक थेंब असा की हत्तीची अंघोळ व्हावी. बाबांनी हातातला पाना खाली ठेवला. "पोरगी बॅग भरून बसली असन," एवढंच बोलले. आई आत गेली आणि मूठभर हळद आणून तिनं सरळ रेडिएटरात टाकली. "अवं, भाजी आहे का ते?" बाबा ओरडले. "हळदीनं जखमेचं रक्त थांबते, मंग पाणी काऊन नाही थांबणार?" आणि थांबलं हो! दुसऱ्या दिवशी नांदुऱ्यात शिरलो, तर गाडीतल्या तापल्या हळदीच्या वासानं अर्ध्या गावाला भूक लागली. सासरचे हसायचं विसरले. बहीण मात्र बॉनेटजवळ थबकली, डोळे पुसत म्हणाली, "बाबा, गाडीले आईचा वास येऊन राह्यला." आज माझ्या गाडीच्या रेडिएटरात हिरवंगार कूलंट असतं. ती कधी गळत नाही, पण तिला कुणाचाच वास येत नाही.