कोणतं भांडं, ते सांगणार नाही

माझेच पैसे मला मागावे लागले, ही गोष्ट मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. मागितले तेही कोणा सावकाराकडे नाही, धाकट्या भावाकडे.

मी मिरचीतली बाई. नंदुरबारच्या बाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घालतात, तिथे दुसऱ्याच्या पथारीवर देठ खुडत मी सुरुवात केली. संध्याकाळी हात पाण्यात घातले की पाणीच पेटल्यासारखं वाटायचं. मग व्यापाऱ्यांनी बाजूला टाकलेली फटकी मिरची, म्हणजे रंग उडालेला माल, घासाघीस करून घ्यायला लागले. ती दळून अक्कलकुव्याच्या बाजारात विकली. आज माझं स्वतःचं कांडप यंत्र आहे आणि त्यावर पत्र्याची शेड आहे. माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. भाव करताना तो उपयोगी पडतो, घरात पडत नाही.

भाऊ सुरतेला नोकरीला आहे, खुर्चीवरची नोकरी. एका हंगामात मिरचीने चांगला हात दिला, तेव्हा तो म्हणाला की थोडे पैसे क्रिप्टोत टाक, बँकेत ठेवून काय होतंय. क्रिप्टो म्हणजे हातात न येणारी नाणी, सगळी कॉम्प्युटरच्या हिशोबावर चालणारी, एवढं मला कळलं. बाकीचं विचारलं तेव्हा तो हसला.

"अक्का, तुले यामा काय समजस? मी देखी लेस ना."

प्रेमानेच म्हणाला. तेच जास्त लागलं. खातं त्याच्या नावावर, त्याच्या फोनवर, पासवर्ड त्याचा. पैसे तेवढे माझे.

पुढे मला एक दुसरं कांडप यंत्र मिळत होतं. मालक गाव सोडून चालला होता आणि मी भाव अगदी तळाला आणला होता. भावाला फोन केला, नाणी विकून पैसे पाठव म्हणून. भाव आधीच पडलेला होता. तो म्हणाला, "आते इकू नको, भाव पडेल शे." पुन्हा केला, पुन्हा तेच. शेवटी माझा आवाज चढला तेव्हा तो तयार झाला, तर त्या ॲपवाल्यांनीच पैसे काढणं बंद करून ठेवलेलं. काही दिवस थांबा, असा निरोप. ते काही दिवस लांबत गेले. यंत्र दुसऱ्याने नेलं. त्याच्या गल्लीतून रिक्षा जाते तेव्हा ते चालताना ऐकू येतं. आवाजावरून सांगते, यंत्र चांगलं आहे.

भावाने माझा रुपया खाल्ला नाही, हेही इथे लिहून ठेवते. पण त्या दिवसांत मी त्याच्यावर संशय घेतला. पासवर्ड त्याच्याकडे होता, म्हणून संशयही त्याच्याकडेच गेला. सख्ख्या भावावर संशय घ्यायची पाळी त्या ॲपवाल्यांनी आणली की त्याने, हे माझ्या मनात अजून ठरत नाही.

ॲप पुन्हा उघडलं तेव्हा भाऊ म्हणाला, सांग, विकतो. मी म्हटलं, विकू नको. नाणी माझ्या हातात दे.

ती हातात कशी घेतात ते मी शिकले. यंत्राच्या घरघरीत, कानाला फोन लावून, एकेक व्हिडिओ चार वेळा ऐकून. सार असं की पेन ड्राइव्हएवढं एक उपकरण मिळतं. ते नेटला जोडलेलं राहत नाही. ते पहिल्यांदा सुरू केलं की स्वतःच चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं. ते शब्द म्हणजेच किल्ली. उपकरण हरवलं, जळलं, तरी नवं घेऊन त्यात ते शब्द त्याच क्रमाने भरले की नाणी जागेवर. शब्द हरवले आणि उपकरणही गेलं, तर मात्र कोणाकडे अर्ज करायचा नाही, कारण अर्ज घेणारा कोणी नाही. आणि शब्द दुसऱ्याला कळले तर नाणी त्याची.

मोबाइलच्या दुकानात एकाने तसलं वापरलेलं उपकरण अर्ध्या भावात दाखवलं. मी भाव आणखी पाडला, त्याने तो मान्य केला, मला आनंद झाला. मग त्याने सोबत एक कार्ड दिलं. म्हणे शब्दही तयार आहेत, ताई, तुम्हाला काही करायला नको. मी कार्ड काउंटरवर परत ठेवलं. पोत्यातून नमुना विकणाऱ्याने काढून दिला तर मी तो वासही न घेता टाकते, स्वतः तळात हात घालते. त्याने लिहिलेले शब्द त्याच्याकडेही असणारच. मी नवं, सीलबंद उपकरण थेट कंपनीकडून मागवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा छापील किंमत दिली. त्याचं दुःख वेगळं.

घरी दार लावून मी ते सुरू केलं. शब्द कागदावर उतरवले. फोटो काढायचा नाही, फोनमध्ये टाइप करायचे नाहीत, हे पाठ होतं. पण कागद मला पटेना. आमच्याकडे उंदीर आहेत, पावसाळा आहे, तिखटाची धूळ आहे आणि दिवाळीच्या साफसफाईत दिसेल तो कागद रद्दीत घालणारा नवरा आहे. व्हिडिओत म्हणत होते पोलादी पत्र्यावर कोरा. तसला पत्रा मागवायचा तर परत छापील किंमत. मी मांडणीकडे बघत बसले. वरच्या फळीवर सासऱ्यांचं नाव टाकलेलं भांडं होतं. इतकी वर्षं राखेने घासूनही त्यातलं एक अक्षर गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एक नवं स्टीलचं भांडं घेतलं. ताट, डबा, की झारा, ते लिहिणार नाही. भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत एक चाचा नाव टाकायला बसतात. त्यांच्या वडिलांचीही तीच जागा होती. बोटाएवढ्या जाड पेनसारखं मशीन, विजेवर भुंग्यासारखं गुणगुणतं. मी म्हटलं, मशीन मला द्या, मी टाकते.

"नाव सांगा, मी टाकी देस," चाचा म्हणाले. "मशीन कोणलेच देत नही, ताई. मन्हा पोरले बी नही."

मी पैसे किती ते विचारलं. ते म्हणाले, भांडं इथलंच आहे तर नाव फुकट. मग मशीन द्या, मी म्हटलं, तेही फुकट. त्यांनी चष्मा वर केला.

"मन्हा हात तं फुकट. तुमना हात तं पैसा."

"काम मी करसू आनि पैसाबी मीच देसू?"

तिथून जे सुरू झालं ते शेजारच्या दोन दुकानांनी ऐकलं. मी म्हणाले, टाकायचं ते खासगी आहे. त्यांनी विचारलं, काय, खजिन्याचा नकाशा? आजूबाजूचे हसले आणि माझं डोकं गेलं. मी नको ते बोलले, तुमच्या ओट्यावर टाकलेलं गावभर होतं, लपवायचं असेल त्याने इथे कशाला यायचं, असं काहीतरी. चाचांचा चेहरा बदलला. ते हळू आवाजात म्हणाले की कोणाच्या लेकीला आंदणात किती भांडी गेली, कोणाची परत आली, हे सगळं आमच्या हाताखालून जातं. आजवर या ओट्यावरून एक शब्द बाहेर गेलेला नाही. मी भांडं उचललं आणि निघून आले.

रात्रभर राग माझाच मला खात होता. चूक कबूल करायची मला सवय नाही, पण भाव कुठे चुकला ते मला कळतं. मी मशीनचा भाव करत होते आणि ते इज्जतीचा करत होते.

सकाळी पुन्हा गेले. गिऱ्हाईक नव्हतं. मी ओट्याच्या पायरीवर बसले आणि त्यांना भावाचं सगळं सांगितलं, यंत्राचंही. मग म्हणाले, "चाचा, तुमले माहीत नही, तं मी तुमनावर कधीच शक करनार नही. मन्हा भाऊले माहीत व्हतं."

त्यांनी हातातली कळशी फडक्याने पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाले, एक किलो तिखट. मी म्हटलं, अर्धा. ते म्हणाले, एक, आणि देठ काढलेल्या मिरचीचं, तुमच्या त्या फटकीचं नाही. फटकीचा धंदा मी केव्हाच सोडला होता, पण बाजार विसरत नाही. एक किलोवर सौदा ठरला.

दुपारी दुकानं अर्धी मिटतात त्या वेळी त्यांनी मला आत बसवलं आणि स्वतः पाठ करून पायरीवर चहा पीत बसले. जुन्या झाकणावर आधी हात बसवला. पहिली ओळ उंदराने कुरतडल्यासारखी आली. मग भांडं घेतलं. एकेक अक्षर कागदावरून, एकेक शब्द क्रमाने, उलट मोजून पुन्हा तपासला. मनगट बधिर झालं. देठ खुडतानाही असंच व्हायचं, तेव्हा मजुरी दुसऱ्याच्या मालाची होती.

कागदात गुंडाळून निघाले तेव्हा चाचा मागे न वळताच बोलले, "नाव टाकं का? बिननावनं भांडं लगीनमा गयं तं परत येत नही."

मी परत आत गेले आणि नाव टाकलं.

पुढच्या रविवारी भाऊ सुरतेहून रेल्वेने आला. मी त्याला आधी अगदी थोडी नाणी पाठवायला लावली. उपकरणाच्या छोट्या पडद्यावरचा पत्ता आणि त्याच्या फोनवरचा पत्ता मी अक्षराला अक्षर लावून बघितला. तो कंटाळला, मी नाही. नाणी आली. तो म्हणाला, झालं, आता सगळी पाठवतो. मी थांब म्हटलं आणि त्याच्यासमोर उपकरणातलं सगळं पुसून टाकलं. कोरं, दुकानातून आणल्यासारखं.

"अक्का, येडी व्हयनी का तू?"

"गप बस आनि चहा पे."

मी ते घेऊन आत गेले आणि कडी लावली. कागदाला मुद्दाम हात लावला नाही, भांड्यावरचं बरोबर उतरलंय का तेच बघायचं होतं. भांड्यावरून एकेक शब्द भरला. एका जागी बोट घसरलं, मागे जाऊन नीट केलं. शेवटच्या शब्दानंतर पडद्यावर चक्र फिरत राहिलं आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. मी कोरताना चुकले असते तरी कागद होता, नाणी वाचली असती, पण बाहेर बसलेल्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. ते नुकसान मोठं होतं. मग उपकरण माझ्या फोनला जोडलं आणि फोनवर आकडा दिसला. तेवढाच, जेवढा आला होता.

बाहेर येऊन उपकरण आणि फोन त्याच्या बशीशेजारी ठेवले. त्याने आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं. कुठे लिहून ठेवलंस, असं विचारलं. मी म्हटलं, बाकीची पाठव.

त्याने पाठवली. कागद मी त्याच संध्याकाळी चुलीत घातला.

जाताना दारात चपला घालत तो म्हणाला, "उद्या तुले काही व्हयनं तं?"

त्याचा हा प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. नवऱ्याला भांडं कोणतं आणि कुठे ते ठाऊक आहे, त्यावरचे शब्द कशाचे ते नाही. लेकीला शब्द कशाचे ते ठाऊक आहे, भांडं कोणतं आणि कुठे ते नाही. दोघांना एकत्र बसावंच लागेल. भावाला हे सांगितलं. आपलं नाव त्यात नाही हे त्याच्या लक्षात आलं. भाड्याची रिक्षा मी ठरवून दिली, दहा रुपये कमी करून.

आमच्या घरातल्या सगळ्या भांड्यांवर सासऱ्यांचं किंवा नवऱ्याचं नाव आहे. माझ्या लग्नात आलेल्या भांड्यांवरसुद्धा. या एका भांड्यावर फक्त माझं आहे, पुढे कोणाचं नाही, मागे कोणाचं नाही.