एक मध्यम भाकरी

वडिलांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रिया करता येईल, पण रक्तातली साखर उतरल्याशिवाय तारीख देणार नाही, असं बारामतीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वडील सत्तरीला आलेले. सणसरला त्यांचा ऊस आणि दोन म्हशी. त्या वर्षी त्यांनी मोटारसायकल घराबाहेर काढणं बंद केलं होतं, आणि दूध संकलन केंद्रावर फॅटची पावती शेजाऱ्याकडून वाचून घेत होते. कुणाला काही मागायची सवय नसलेल्या माणसाला हे रोज सकाळ-संध्याकाळ करावं लागत होतं.

मी बारामतीत राहते आणि तालुक्याच्या बातम्या देते. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता मी एका वहीत उतरवला. सकाळी साडेसातला मोड आलेली मटकी. दुपारी एकला एक मध्यम ज्वारीची भाकरी, दोन वाट्या पालेभाजी, वाटीभर डाळ, काकडी. रात्री साडेसातला पुन्हा तेवढंच. चहा दोन वेळा, बिनसाखरेचा. पुढे रकाने आखून वही आईकडे दिली. वेळ, पदार्थ आणि किती, एवढं रोज लिहायचं होतं. आईने एकही दिवस चुकवला नाही.

वडिलांना सगळ्यात अवघड गेला तो चहा. आमच्या भागात कुणाच्या दारात गेलं की चहा येतो, आणि तो नको म्हटलं तर त्या घराशी काहीतरी बिनसलं आहे असा अर्थ घेतात. वडिलांनी तेही निभावलं. पूर्वी दुपारी दोन आणि रात्री दोन भाकऱ्या खाणारा माणूस एकेकीवर आला.

दीड महिन्याने रक्त तपासलं. साखर उतरली होती, पण तारीख मिळण्याइतकी नाही. डॉक्टरांनी वही पाहिली आणि विचारलं, "आबा, बाहेर काही खाणं होतं का?"

वडिलांनी वही मिटून उचलली. परतताना पिंपळी गाव मागे पडल्यावर गाडीत म्हणाले, "मी चोरून खाणारा वाटलो व्हय त्याला?"

आई मागच्या सीटवर होती. "मग साखर येती कुठनं? माझी वही खोटं बोलती का?"

"तुझी वही खरी आन मी खोटा. लिव्ह तसं."

शंका मलाही आली होती, आणि ती मी त्यांना न विचारता बाहेर विचारली. संकलन केंद्रावरच्या माणसाने सांगितलं, "ताई, तुमच्या आबांनी आमचा चहा सोडलाय. लई आग्रह केला, घेत न्हाईत. आमीच इचारलं, आबा, आमच्या चहानं काय पाप केलंय?" आणखी दोन ठिकाणी हेच उत्तर मिळालं. वडील खरं बोलत होते. आईची वहीही खरी होती.

पुढच्या रविवारी मी सणसरला स्वयंपाकघरात बसले होते. आईने भाकरी तव्यावरून काढून वडिलांच्या ताटात ठेवली. ताटाचा तळ दिसेना. भाजीची वाटी भाकरीवरच ठेवावी लागली. आमच्या घरात भाकरी एवढीच असते, त्यामुळे ती मोठी आहे असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं. मी उठून आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला आणि मध्यम म्हणजे केवढी ते विचारलं.

"बशीपेक्षा थोडी मोठी. पन्नास ग्रॅम पीठ."

आईने पुढच्या भाकरीला घेतलेलं पीठ मी काट्यावर ठेवलं. दीडशे ग्रॅमच्या वर भरलं. वडील रोज मोजून एक भाकरी खात होते, आणि ती तीन भाकऱ्यांची होती.

वडिलांनी घास खाली ठेवला. "ऐकलंस?" ते आईला म्हणाले.

"ऐकलं," आई म्हणाली. "जेवा आता."

मी सोपा उपाय सुचवला. नेहमीसारखी भाकरी कर आणि तिचे तीन भाग करून एक वाढ. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चतकोर दारात आलेल्याला घालत्यात. घरच्या माणसाच्या ताटात तुकडा वाढायची न्हाय मी. आख्खी वाढीन, ल्हान वाढीन."

पण लहान भाकरी तिच्या हाताला येत नव्हती. सासूच्या हाताखाली शिकलेलं माप चाळीस वर्षं बसलेलं होतं. पीठ कमी घेतलं तरी हात थापत थापत जुन्या आकारापर्यंत जायचा. भाकरी पातळ व्हायची आणि परातीतून उचलताना फाटायची. थापणं आधी थांबवलं तर मध्ये जाड राहून कच्ची निघायची. पहिल्या दोन दिवसांत बिघडलेल्या भाकऱ्या म्हशींनी खाल्ल्या.

शेजारची चुलत जाऊ दारात येऊन पाहून गेली. "काय गं, भातुकली मांडली व्हय? बाहुलीचं लगीन कवा?"

"धरलं की तुला बोलावते जेवायला," आई म्हणाली. "पर भाकरी एकच मिळंल."

चौथ्या दिवशी भाकरी गोल आली, काठाला चीर नव्हती आणि तव्यावर टम्म फुगली. आईने ती वडिलांच्या ताटात अख्खी वाढली. स्वतःच्या ताटातही तेवढीच घेतली. एका घरात दोन मापं चालणार नाहीत, असं तिने परस्पर ठरवलं होतं. सुरुवातीला वडील काकडी जास्त मागायचे. पंधरवड्याने तेही कमी झालं. वहीत आता 'किती'च्या रकान्यात आई भाकरीपुढे कंसात 'ल्हान' असं लिहू लागली.

दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला आणि पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. वडिलांनी वही त्यांच्यासमोर उघडून धरली आणि भाकरीचा हिशोब पहिल्यापासून सांगितला. शेवटी म्हणाले, "बाहेर काय खात नव्हतो, सायेब."

"चूक आमची, आबा," डॉक्टर म्हणाले. "माप लिहून द्यायला हवं होतं."

शस्त्रक्रियेच्या दिवशी संमतीपत्र आलं. त्यावर नातेवाइकाची सही हवी होती. असे कागद आमच्या घरात मीच करते, आणि परिचारिकेनेही पेन माझ्यापुढेच धरलं. वडील हिरव्या गाऊनमध्ये कॉटवर बसले होते. त्यांनी हात आडवा घातला.

"तिला न्हाय. हिला द्या," ते म्हणाले. "डोळा हिनं आणलाय हितवर."

आईने पदराला हात पुसले, कागद कॉटवरच टेकवला आणि सही केली. पुढच्या रकान्यात रुग्णाशी नातं विचारलं होतं. तेही तिनेच लिहिलं.